घोडी विकली, पण का?

पत्र: नाना, नमस्कार. मी शहादा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेली काही वर्षं एक कादंबरी लिहिते आहे. अकरा प्रकरणं झाली आणि पुढे सरकेना. म्हणून एका कार्यशाळेला गेले. तिथे सांगितलं, आधी पूर्ण आराखडा करा, लिहायला नंतर बसा. मी चाळीस कार्डं केली, एका कार्डावर एक प्रसंग. कार्डं पूर्ण झाली आणि लिहायची इच्छाच गेली. माझी मैत्रीण म्हणते, आराखडा करून लिहितात ते प्रश्नपत्रिका, कादंबरी आपोआप यावी लागते. 'कोसला' काय आराखडा करून लिहिली का? कोणाचं खरं मानू? आणि १९७४ पासून सरळ क्रमाने सांगू की मागेपुढे? अकरा प्रकरणांचा सारांश सोबत जोडला आहे.
— एक शिक्षिका

ताई, नमस्कार.

सारांश दोनदा वाचला. बाकी वाचकांना पुढचं बोलणं कळावं म्हणून तो थोडक्यात इथे सांगतो. १९७४ सालच्या मार्गशीर्षात आबा आपली चंद्री घोडी सारंगखेड्याच्या यात्रेत विकतात. घरात अबोला पसरतो. दीड वर्षाने थोरला मुलगा सुरेश सुरतेला लूममध्ये कामाला जातो. त्याची मुलगी रेखा गावी आजीजवळ वाढते, शिकते, डी.एड. होते, तिचं लग्न होतं. सुरेश आजारी होऊन परत येतो. नदीकाठच्या शेताचा तुकडा विकावा लागतो. आबा जातात. अकराव्या प्रकरणात प्रकाशाला तापीकाठी दशक्रिया होते, रेखा घाटावर बसून राहते, आणि तुमची लेखणीही तिथेच बसते. सगळी गोष्ट रेखाच सांगते.

विषय भक्कम आहे, माणसं खरी आहेत. सारंगखेड्याचं पहिलं प्रकरण तुम्ही मनापासून लिहिलं असणार, कारण सारांशातसुद्धा घोडीचे दात बघणारा व्यापारी आणि रुमालाखाली बोटं धरून चाललेला सौदा डोळ्यांसमोर उभा राहतो.

आता अडचण सांगतो. अकरा प्रकरणांच्या अकरा ओळी मी एका कागदावर उतरवल्या आणि दोन ओळींमध्ये कोणता शब्द बसतो ते पाहिलं. 'म्हणून' बसतो, 'पण' बसतो, की नुसतं 'मग'? सगळीकडे 'मग' आलं. घोडी विकली, मग सुरेश गेला, मग रेखा शिकली, मग शेत गेलं, मग आबा गेले. एकातून दुसरं निघत नाही. रेखा तर अकरा प्रकरणांत एकही गोष्ट अशी करत नाही की जिच्यामुळे पुढचं काही बदलेल. सगळं तिच्यावर येऊन पडतं आणि ती सोसते. घाटावर ती बसली, कारण उठून करण्यासारखं काही तुम्ही तिच्या हातात दिलेलंच नाही.

म्हणूनच कार्डांनीही काम झालं नाही. कार्डांवर तुम्ही प्रसंग लिहिलेत: काय घडतं, कुठे घडतं. पहिली अकरा 'मग'नेच जोडलेली, पुढची एकोणतीसही तशीच. लिहिताना शोधायला काही उरलं नाही, आणि मन उडालं. माझं सांगणं एवढंच, की घटना मोकळ्या ठेवा आणि कारणं पक्की करा. आराखडा करायचाच तर कशामुळे काय झालं, कोणाला काय हवं होतं आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा करा. पुढच्या प्रसंगात कोण काय बोलेल, कोण उठून जाईल, हे लिहिताना कळू द्या.

तुम्हीच दिलेली घोडी घेऊ, म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे डिसेंबरात. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीपासून सुरू झालेली असते. मार्गशीर्षात कापूसवाल्याच्या घरी वर्षातला पैसा येण्याचे हेच दिवस. तुमच्या आबांकडे कापूस आहे, दुसऱ्याच पानावर पडवीत ढीग लागलेला आहे. ज्या महिन्यात घरात पैसा यायचा, त्याच महिन्यात माणूस जिवापाड जपलेली घोडी का विकतो? सारांशात याचं उत्तर नाही. तुम्ही 'गरिबीमुळे' असं गृहीत धरलंत आणि पुढे गेलात. आपल्याकडचा कोणीही शेतकरी वाचक त्या पानावर थांबेल आणि विचारेल, 'आबा, घोडी काबर इकी टाकी?' तुमची कादंबरी त्या प्रश्नात आहे.

साल १९७४ आहे, ते वाया घालवू नका. राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, ग्रेडर प्रत लावणार, काही रक्कम आधी मिळणार आणि बाकीची मागाहून. राज्याबाहेर नेऊन विकायला बंदी. आणि शहाद्याहून खेतिया किती लांब आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. सीमा ओलांडली की मध्य प्रदेश, व्यापारी रोख मोजायला तयार. कापसाच्या गाड्या रात्रीच्या सीमेपार जायच्या, हे त्या काळच्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा.

आता शक्यता मांडा. एक, आबांनी कापूस केंद्रावर घातला, चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, अडकला, देणेकरी दारात आला, घोडी गेली. यात दोष कुठेतरी लांबच्या कचेरीत राहतो; आबा निर्दोष, सुरेशला कोणावर रागवायचं ते कळत नाही. दुसरी, आबांनी रात्री गाडी जुंपून खेतियाची वाट धरली, वाटेत धरले गेले, कापूस गेला, आणि प्रकरण मिटवायला घोडी विकावी लागली. आता आबांकडे लपवण्यासारखं काही आहे. आणि लगेच पुढचा प्रश्न: त्या रात्री गाडी कोण हाकत होतं? तिसरी, चुकारा व्यवस्थित आला होता, पण आबांनी तो घरात न सांगता दुसऱ्या कोणासाठी खर्च केला. मग घरातल्या अबोल्याचा अर्थच बदलतो, आणि आजीने जन्मभर नातीला जे सांगितलं त्यातलं किती खरं, अशी शंका उभी राहते.

बघा, घोडी तिन्हींत विकलीच जाते, प्रसंग तोच आहे. तुमच्या कार्डावर त्याची ओळही तीच राहील. पण सुरेश का गेला, याचं उत्तर तिन्ही वेळा वेगळं. पहिल्यात तो पोटासाठी जातो. दुसऱ्यात त्याने बापाला काहीतरी करताना पाहिलंय आणि त्याला बापाचं तोंड बघवत नाही. तिसऱ्यात त्याला आईची बाजू घ्यायची आहे आणि घेता येत नाही. यातली कोणती निवडायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी निवडली तर ती माझी कादंबरी होईल. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या सत्तरहून अधिक वह्या शिल्लक आहेत, त्यांत पानोपानी हेच आहे: याने मारलं असेल तर काय, तिने असेल तर काय, दोघांनी मिळून तर? रहस्यकथा लिहिणारी ती बाई खुन्याबद्दलसुद्धा आधी शक्यता मांडायची आणि मग ठरवायची. आपल्याकडे अशी वही ठेवायला लाजतात. ठेवा.

आता मैत्रिणीचं. 'कोसला' १९६३ साली आली आणि ती अगदी थोड्या दिवसांत, सलग लिहून झाली, हे खरं. भालचंद्र नेमाडे आपल्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे, त्यामुळे खान्देशात हा दाखला नेहमी दिला जातो, आणि अर्धवट दिला जातो. त्या कादंबरीत आधारच नाही असं थोडंच आहे? एका माणसाचा आवाज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. गाव सोडून पुण्याला शिकायला जाणं, कॉलेजची वर्षं एकामागून एक, आणि परत गाव. टर्म, परीक्षा, सुट्ट्या, मेस, होस्टेल. काळाची चौकट शिक्षणानेच आयती दिलेली होती, म्हणून आतला माणूस हवा तसा भटकू शकला. ज्याच्या विषयातच अशी चौकट असते, त्याने कागदावर आराखडा केला नाही तरी भागतं. तुमचा पट पाच दशकांचा, तीन पिढ्यांचा, आणि सांगणारी मुलगी पहिल्या घटनेच्या वेळी जन्मालाही आलेली नाही. तुमचं नुसत्या ओघावर भागणार नाही. मैत्रिणीला हे दाखवा, भांडू नका.

कार्यशाळेत जे शिकवलं तेही टाकाऊ नाही, फक्त ते कुठून आलं ते कोणी सांगत नाही. पाव भागावर वळण, मध्यावर उलटापालट, पाऊण भागावर सगळं हरल्यासारखं, मग शेवट: ही मापं मुख्यतः सिनेमाच्या पटकथेतून आली आहेत. सिड फील्ड या अमेरिकन शिक्षकाने १९७९ च्या आपल्या पुस्तकात ती पक्की केली. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, एकशेवीस पानं म्हणजे दोन तास, त्यातली तीस सुरुवातीला, साठ मध्ये, तीस शेवटी. थिएटरात बसलेल्या माणसासाठी हे ठीक आहे, त्याला मध्येच उठून चहाला जाता येत नाही. कादंबरी माणूस रात्री झोपताना चार पानं वाचतो, बाजूला ठेवतो, आठवड्याने पुन्हा उघडतो. तिला त्या मिनिटांचं ओझं नको. पण पूर्ण खर्डा हाती आल्यावर ही मापं लावून पाहा. मधला भाग कुठे सैल पडलाय ते पटकन दिसतं. आधी साचा म्हणून वापरलं की जाच होतो, नंतर तपासणी म्हणून वापरलं की उपयोग होतो.

एका वाक्यापासून सुरू करून ते वाक्य परिच्छेदाएवढं, मग पानाएवढं, असं फुलवत जाण्याची हिमकण पद्धतही हल्ली शिकवतात. ज्याच्याकडे कल्पना आहे पण पानं नाहीत, त्याला ती चालते. तुमच्याकडे अकरा प्रकरणं लिहून तयार आहेत, तुम्हाला तिची गरज नाही.

तुम्हाला खरी उपयोगी पडेल ती चार्ल्स डिकन्सची रीत. त्याच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापल्या जात. एकदा छापलं की मागे जाऊन दुरुस्ती नाही. आपल्याकडे हरि नारायण आपट्यांनीही १८९० पासून 'करमणूक'मधून अशाच क्रमशः कादंबऱ्या दिल्या, म्हणजे ही कसरत मराठीला नवी नाही. डिकन्स प्रत्येक हप्त्यासाठी एक कागद आडवा धरून त्याचे दोन भाग करायचा. उजवीकडे प्रकरणांची नावं आणि त्यात काय येतं ते. डावीकडे स्वतःलाच विचारलेले प्रश्न: अमुक माणूस या वेळी आणायचा का? तमुकचं मरण इथे की पुढे? आणि समोर उत्तर: हो, नाही, आता नको. त्यातलं 'आता नको' मला फार मोलाचं वाटतं. गोष्ट माहीत आहे, पण वाचकाला अजून द्यायची नाही, हा निर्णय कोणतंही कार्ड तुमच्यासाठी घेत नाही.

तुमच्या क्रमाच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. १९७४ ची यात्रा रेखा पहिल्याच प्रकरणात डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगते. तिचा जन्म १९७९ चा. तिला हे कोणी सांगितलं? आजीने सांगितलं असेल तर त्यात आजीची बाजू असेल, आणि आजी यात्रेला गेली होती का? वडिलांनी सांगितलं असेल तर केव्हा, सुरतेहून आजारी परत आल्यावर? म्हणजे ही एकच हकीकत रेखाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या तोंडून, न जुळणाऱ्या तपशिलांनी येऊ शकते. लहानपणी आजीची, तिशीत वडिलांची, आणि दशक्रियेला तिसऱ्याच कोणाची. सरळ की मागेपुढे, हा हिशेब सालांवरून करू नका. रेखाला जे जेव्हा कळतं तेव्हा ते वाचकाला कळू द्या. क्रम आपोआप लागेल. त्यासाठी वहीत एक पान राखून ठेवा: कोणाला काय माहीत आहे, कधीपासून, आणि कोणापासून लपवलंय. बहुतेक कौटुंबिक कादंबऱ्या याच पानाअभावी फसतात असं माझं मत आहे. दिवाळी अंकांसाठी हस्तलिखितं वाचताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय: पात्रांना लेखकाएवढं सगळं माहीत असतं, म्हणून कोणी कोणाला काही विचारतच नाही.

आता ज्यात ढिलाई चालणार नाही त्याबद्दल. काळ. माणसांचे निर्णय जेवढे मोकळे सोडाल तेवढा कालपट घट्ट बांधा. विल्यम फॉकनर हा काही आखीव लिहिणारा लेखक नव्हे, पण 'अ फेबल' या कादंबरीचा आराखडा त्याने मिसिसिपीतल्या घरी, लिहिण्याच्या खोलीच्या भिंतीवर उतरवला होता. तो काय उतरवला होता? वार. सोमवारी काय, मंगळवारी काय. ती भिंत अजून जपून ठेवली आहे. तुम्ही भिंत रंगवू नका, मोठा कागद पुरे. डावीकडे सालं, वर माणसांची नावं, प्रत्येक चौकटीत वय. एका बाजूला शेताचं वर्ष: पेरणी, वेचणी, यात्रा, लग्नसराई. घोडीच्या बाबतीत पाहिलंतच, नुसतं पंचांग आणि पीक शेजारी ठेवलं तर प्रश्न कसा वर येतो. हा कागद असता तर दुसऱ्या प्रकरणात आबा 'नंदुरबार जिल्ह्याच्या कोर्टात' गेले नसते. १ जुलै १९९८ पर्यंत तुमचा तालुका धुळे जिल्ह्यात होता.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. तुमच्या दुसऱ्या आणि पाचव्या प्रकरणात एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आहे. दुसऱ्यात तो घोडीला चारा घालतो, पाचव्यात त्याने रेखाच्या बापाला नदीतून बाहेर काढल्याची आठवण येते. त्यानंतर तो कुठेच नाही. त्याला नावही नाही. ताई, हे शहादा आहे आणि हे १९७४ साल आहे. दोन वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, याच तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली. त्याआधीपासून अंबरसिंग महाराजांनी भिल्ल समाजात जागृती सुरू केली होती. सालदारांची मजुरी, त्यांना मिळणारी वागणूक, हातातून गेलेल्या जमिनी, यावर मोर्चे निघत होते. आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा पुढच्या वर्षी अमलात आला. तुमच्या आबांच्या अंगणात या सगळ्याची चर्चा झाली नसेल हे शक्य नाही. आणि दहाव्या प्रकरणात जो नदीकाठचा तुकडा विकला जातो, तो आबांकडे कधी आणि कोणाकडून आला, हे तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही.

मी हे राजकारण घाला म्हणून सांगत नाही. खेतियाच्या रस्त्यावरची ती गाडी कोण हाकत होतं, हा प्रश्न तुमच्या कथेनेच विचारलाय म्हणून सांगतो. उत्तर तोच असेल तर पकडलं कोण गेलं, आणि घोडी कोणाला सोडवण्यासाठी विकली, की कोणाला न सोडवताच विकली? इथे रेखाला करण्यासारखं काम मिळतं. ती शिक्षिका आहे, तिला सातबारा वाचता येतो, फेरफार, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली त्याच्या नोंदी, काढता येतात, तलाठ्याकडे जाऊन विचारता येतं. आणि विचारलं की घरातलं कोणीतरी दुखावणार. तिचा निर्णय, त्याची किंमत. 'मग' संपून 'म्हणून' सुरू होतो तो इथे. पुढचं काही ठरवून ठेवू नका, फेरफाराच्या नोंदीत काय निघतं ते लिहिताना शोधा.

तेव्हा आता करायचं ते असं. पुढे लिहिणं थोडे दिवस थांबवा. चाळीस कार्डं फाडू नका, प्रत्येकाच्या मागच्या बाजूला दोनच गोष्टी लिहा: या प्रसंगात कोणाला काय हवंय, आणि आधीच्या कोणत्या गोष्टीमुळे तो घडतो. ज्या कार्डाच्या मागे काही लिहिता येणार नाही ते बाजूला ठेवा; माझा अंदाज, बरीच बाजूला जातील आणि तुम्हाला हलकं वाटेल. काळाचा कागद करा. कोणाला काय माहीत, ते पान करा. गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांकडे जाऊन एकाधिकाराचे दिवस ऐका, शक्य झालं तर त्या काळी सालदारकी केलेल्या माणसाकडेही जा, आणि त्याच्याकडे आधी जा. संवाद अहिराणीत ठेवावेत का, असं तुम्ही सारांशाच्या कडेला पेन्सिलीने विचारलंय: ठेवा, बिनधास्त ठेवा, पण आजी, आबा आणि सालदार एकसारखं बोलणार नाहीत, ते कान देऊन ऐका.

मग अकराव्याला हात न लावता थेट दुसरं प्रकरण पुन्हा लिहायला घ्या. घोडीला चारा घालणाऱ्या त्या माणसाला नाव द्या, आणि यात्रेच्या आदल्या रात्री तो कुठे होता ते लिहा. ते पान झालं की मला पाठवा, मी वाट बघतो.

तुमचा,
नाना